गॅरेजचा दरवाजा वीतभर उचलला जातो आणि थांबतो: मोटर बदलावी की दोष दुसरीकडे आहे?

उंबरठा (प्रश्न)

आमच्या गॅरेजला आडव्या पोलादी पॅनलांचा, वर सरकत जाऊन छताखाली आडवा होणारा दरवाजा आहे. रुंदी १६ फूट, उंची ७ फूट आणि पॅनलांच्या आत उष्णतारोधक फोम भरलेला आहे. दरवाजाच्या वर, भिंतीला समांतर असा एक शाफ्ट असून त्याच्या मधल्या आधाराच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड स्प्रिंग बसवलेली आहे. छताला टांगलेली मोटर साखळीच्या साहाय्याने दरवाजा ओढते. घर बांधल्यापासून, म्हणजे आठ-नऊ वर्षे, हीच व्यवस्था आहे आणि आजवर तिने कधी त्रास दिलेला नाही.

अलीकडे मात्र दोन तक्रारी सुरू झाल्या आहेत. पहिली अशी की, बटण दाबल्यावर दरवाजा जमिनीपासून वीतभर उचलला जातो, मोटर कण्हल्यासारखा आवाज करते आणि सगळे तिथेच थांबते. पुन्हा बटण दाबले तर कधी कधी तो पूर्ण वर जातो, पण थरथरत आणि रखडत. दुसरी तक्रार बंद होतानाची आहे. संध्याकाळच्या सुमारास दरवाजा निम्म्यावर येतो, एकदम उलटा फिरून वर जातो आणि मोटरवरचा दिवा लुकलुकू लागतो. सकाळी तोच दरवाजा विनातक्रार बंद होतो.

दुरुस्तीसाठी बोलावलेल्या कारागिराने खालूनच पाहून मोटर थकली आहे, ती बदलावी लागेल, असे सांगितले. तोपर्यंत मोटरच्या मागील बाजूस असलेला जोर वाढवण्याचा स्क्रू थोडा पिळून घ्यावा, असाही त्यांचा सल्ला होता. त्या स्क्रूला मी अजून हात लावलेला नाही. मोटर खरोखरच गेली आहे असे समजावे का, दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असू शकते का, आणि कोणत्या तपासण्या घरच्या माणसाने निर्धोकपणे कराव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना फिटर

मोटर बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि त्या स्क्रूला हात लावला नाहीत हे उत्तम झाले.

या प्रकारच्या दरवाजात मोटर वजन उचलत नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागते. तुमच्या मापाचा, आत फोम असलेला दरवाजा सहज ७० किलोच्या पुढे भरतो. ते वजन शाफ्टवरच्या पिळलेल्या स्प्रिंगा तोलून धरतात. तराजूच्या एका पारड्यात दरवाजा आणि दुसऱ्यात स्प्रिंगांचा पीळ, असा हा मामला आहे. पारडी समतोल असतील तर दरवाजा एका हाताने उचलता येतो आणि मोटरला फक्त त्याला वाट दाखवावी लागते. स्प्रिंग गेली की तोच दरवाजा सगळा भार घेऊन मोटरच्या अंगावर येतो, मोटर वीतभर ओढून पाहते आणि आपल्या मर्यादेत थांबते. म्हणजे तुमची मोटर बिघडलेली नसून तिला जे काम कधी नेमूनच दिले नव्हते, ते करायला ती नकार देत आहे, अशी माझी अटकळ आहे.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. दरवाजा पूर्ण बंद असताना खाली उभे राहून दोन्ही स्प्रिंगांवर टोकापासून टोकापर्यंत टॉर्चचा प्रकाश टाका. धड स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटून असतात. कुठेतरी पाच-एक सेंटिमीटरची फट दिसली आणि तिच्या दोन्ही कडांना तारेची मोडकी टोके दिसली, तर निदान तिथेच संपले; पुढची चाचणी करू नका आणि मोटरही चालवू नका.

फट नसेल तर समतोलाची चाचणी घ्यावी. दरवाजा बंद असतानाच मोटरच्या पट्टीवरून लोंबणारी लाल मुठीची दोरी ओढून दरवाजा साखळीपासून सोडवा, मग तो हाताने कमरेपर्यंत उचला आणि हात हळूच सैल करा. जागच्या जागी राहिला तर स्प्रिंगा ठीक आहेत, खाली येऊ लागला तर त्या सैल पडल्या आहेत, आपण होऊन वर जाऊ लागला तर पीळ जास्त आहे. ही दोरी दरवाजा उघडा असताना मात्र कधीही ओढू नये. स्प्रिंग तुटलेली असेल तर त्या क्षणी दरवाजाला साखळीखेरीज दुसरा आधार नसतो आणि सगळे वजन धाडकन खाली येते.

मोटर खरोखर दोषी असते तेव्हा लक्षणे निराळी असतात. दरवाजा हाताला हलका लागतो, मोटर फिरण्याचा आवाज येतो, पण साखळी जागची हलत नाही. अशा वेळी आतला नायलॉनचा गिअर झिजलेला असतो आणि झाकण काढल्यावर पांढरा चुरा सापडतो. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरतच नाही, तेव्हा बहुधा तिला फिरायला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेलेला असतो. हे दोन्ही भाग सुटे बदलता येतात, त्यासाठी अख्खी मोटर बदलावी लागत नाही.

राहिला तो जोराचा स्क्रू. अडथळा किती जाणवला म्हणजे थांबायचे, हे तो मोटरला सांगतो. तो पिळणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दरवाजा कदाचित वर जाईलही, पण ओढ सगळी वरच्या पॅनलवर येऊन ते मधोमध वाकेल. दोन्ही दिशांचा जोर एकाच स्क्रूवर असेल किंवा चुकून खाली येतानाचा स्क्रू पिळला गेला, तर दरवाजाखाली कोणी सापडले तरी मोटर ढकलतच राहील.

उंबरठा

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे टॉर्चने पाहिले. आतून पाहताना डावीकडे असलेल्या स्प्रिंगमध्ये, मधल्या आधारापासून हातभर अंतरावर, तीन बोटे मावतील एवढी फट आहे. दोन्ही टोकांवर तार आडवी मोडलेली असून मोडीचा काही भाग गंजून तपकिरी झाला आहे, उरलेला भाग अजून चकचकीत आहे. मागे एका रात्री गॅरेजमधून काहीतरी फुटल्यासारखा मोठा आवाज आला होता. फळीवरून काही पडले असेल असे समजून आम्ही शोधाशोध केली, पण काहीच सापडले नव्हते. आता त्या आवाजाचा उलगडा झाला.

एक गोष्ट मात्र कळत नाही. एका बाजूची स्प्रिंग तुटली असूनही शाफ्टपासून दरवाजाच्या तळाशी उतरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या केबल सारख्याच ताठ आहेत आणि दरवाजा वर जाताना तिरका होत नाही. डावी बाजू खाली का राहत नाही?

जुना फिटर

दोन्ही स्प्रिंगा एकच शाफ्ट फिरवतात आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे ड्रम एकाच वेळी केबल गुंडाळतात, म्हणून. डावी स्प्रिंग डाव्या बाजूचे आणि उजवी उजव्या बाजूचे वजन उचलते असे नसते. दोघी मिळून शाफ्टला पीळ देतात. एक तुटली की एकूण पीळ निम्मा होतो, पण तो दोन्ही केबलांना सारखाच मिळतो. दरवाजा तिरका झालेला दिसला तर दोष स्प्रिंगचा नसून केबल ड्रमवरून सुटलेली किंवा तुटलेली असते. तसे दिसले की बटणाला हातही लावू नये, कारण तिरका दरवाजा ट्रॅकमध्ये अडकतो आणि पुढच्या ओढीला रोलर बाहेर येतात.

मोडीचा गंजलेला भाग म्हणजे जुनी भेग आणि चकचकीत भाग म्हणजे शेवटच्या क्षणी तुटलेला. तार बरेच दिवस आतून चिरत होती. सर्वसाधारण स्प्रिंगा १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेल्या असतात. एकदा उघडून बंद करणे म्हणजे एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर हिशेब जेमतेम सात वर्षांचा होतो, त्यामुळे आठ-नऊ वर्षांनी ती तुटली यात नवल नाही.

तिरपी उन्हे

पहिल्या तक्रारीचे निदान झालेच आहे. दुसरीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते ती पूर्णपणे स्वतंत्र आहे.

दरवाजाच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत समोरासमोर बसवलेले दोन लहान सेन्सर असतील. एक अदृश्य किरण सोडतो आणि दुसरा तो टिपतो. मधे काही आले की किरण तुटतो आणि खाली येणारा दरवाजा उलटा फिरतो. अमेरिकेत १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती मोटरींना अशी संरक्षक योजना सक्तीची आहे आणि इतरत्रही ती आता सर्रास दिसते. हे सेन्सर जमिनीपासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावेत, कारण रांगणारे मूल किंवा झोपलेले जनावर त्यांच्या खालून निसटता कामा नये.

निदानासाठी उपयोगी पडणारी गोष्ट अशी की, मोटर या सेन्सरांचे म्हणणे फक्त दरवाजा बंद होताना ऐकते. उघडताना ते पुसले काय आणि झाकले काय, फरक पडत नाही. म्हणून वर जाताना अडणाऱ्या दरवाजासाठी सेन्सर पुसत बसण्यात अर्थ नसतो. तुमची दुसरी तक्रार मात्र बंद होतानाची आहे, दिवा लुकलुकतो आणि ती संध्याकाळीच होते. यावरून मावळतीचे ऊन थेट किरण टिपणाऱ्या सेन्सरच्या काचेत शिरत असावे, असा माझा दाट संशय आहे. उन्हात त्याला समोरचा क्षीण किरण ओळखता येत नाही आणि तो अडथळा आल्याची खूण करतो.

खात्री करण्यासाठी तक्रारीच्या वेळी त्या सेन्सरवर तळहाताची सावली धरा; ती धरताना किरणाच्या वाटेत हात येऊ देऊ नका. सेन्सरवरचा बारीक दिवा सावलीत स्थिर झाला आणि हात काढताच पुन्हा लुकलुकला, तर गुन्हेगार सापडला. उपाय सोपा आहे. दोन्ही सेन्सरांच्या जागांची अदलाबदल करावी, म्हणजे टिपणारा सावलीच्या बाजूला जाईल. वायरिंगमुळे ते जमत नसेल तर त्याच्या काचेभोवती प्लॅस्टिकच्या नळीचा बोटभर तुकडा बसवावा. सावलीतही दिवा स्थिर होत नसेल तर मऊ फडक्याने काच पुसा, कोळ्याचे जाळे काढा आणि ब्रॅकेटचा स्क्रू किंचित सैल करून सेन्सर समोरच्याच्या रेषेत आणा. कचराकुंडीचा किंवा फावड्याचा धक्का लागून तो फिरलेला अनेकदा आढळतो.

भिंतीवरचे बटण दाबून धरले तर बहुतेक मोटरी सेन्सरला न जुमानता दरवाजा बंद करतात. अडीनडीला ही सोय वापरायला हरकत नाही, पण दरवाजा पूर्ण टेकेपर्यंत नजर त्याच्यावरच हवी. काही जण वैतागून दोन्ही सेन्सर छतापाशी समोरासमोर बांधून टाकतात. तसे कृपया करू नये.

हातोडी

वरच्या चर्चेत एक मुद्दा राहून गेला आहे. स्प्रिंग बदलणे हे फक्त कारागिराचेच काम, असे वातावरण उगाच तयार केले जाते. योग्य मापाच्या दोन पोलादी कांबी, पाने, मजबूत शिडी आणि शांत डोके असेल तर हे काम घरी होते. मी स्वतः माझ्या दरवाजाच्या स्प्रिंगा बदलल्या आहेत आणि माझी बोटे अजून शाबूत आहेत. ज्या कारागिराने खालूनच पाहून मोटर बदलायला सांगितली, त्याच्या हाती दरवाजा देण्यापेक्षा स्वतः शिकून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते.

जुना फिटर

हातोडी यांचा शेवटचा मुद्दा मला पटतो. टॉर्च न लावता निदान करणाऱ्याला पुन्हा बोलावू नये. मात्र घरी होते आणि घरी करावे यात अंतर आहे, म्हणून आकडेच मांडतो.

दरवाजा उभ्याचा आडवा होऊन छताखाली जातो तेव्हा त्याचा गुरुत्वमध्य साधारण एक मीटर वर चढतो. वजन ७० किलो धरले तर स्प्रिंगांमध्ये साठवलेली ऊर्जा ७० किलोची वस्तू एक मीटरवरून खाली पडावी, एवढी असते. एक स्प्रिंग तुटल्यावर तिचा ताण गेला, पण धड असलेल्या दुसऱ्या स्प्रिंगमध्ये त्यातला निम्मा वाटा अजून आहे आणि तो हाताने सोडवावा लागतो. पीळ देण्या-सोडण्यासाठी कांब स्प्रिंगच्या टोकाशी असलेल्या भोकात घालावी लागते; ती भोकात पूर्ण शिरलेली नसताना, किंवा कांबेच्या जागी स्क्रूड्रायव्हर वापरताना ती निसटली, तर हा सगळा पीळ कांबेच्या टोकाशी येतो आणि ते टोक नेमके तोंडासमोर असते. तळच्या कोपऱ्यातील ज्या ब्रॅकेटला केबल बांधलेली असते, तिचेही तसेच आहे. ती साध्या दोन-तीन स्क्रूंवर बसलेली दिसते, पण स्प्रिंगचा ताण असताना ते स्क्रू काढणाऱ्याचा हात जायबंदी होतो.

पीळ भरायलाही हिशेब लागतो. चार इंच व्यासाचा ड्रम एका फेऱ्यात साधारण साडेबारा इंच केबल गुंडाळतो. ७ फुटी दरवाजासाठी त्यामुळे पावणेसात फेरे होतात आणि दरवाजा पूर्ण वर गेल्यावरही केबल ताठ राहावी म्हणून पाऊण-एक फेरा जादा द्यावा लागतो. एकूण साडेसातच्या आसपास फेरे, तेही कांब बदलत बदलत पाव-पाव फेऱ्याने, दोन्ही स्प्रिंगांवर. एवढ्या वेळात लक्ष एकदाही विचलित होऊन चालत नाही. रोज हे काम करणाऱ्याच्या हातांना त्याची सवय असते. आयुष्यात एक-दोनदा करणाऱ्याला ती होण्याआधीच काम संपते. म्हणून माझे मत असे की, मापे स्वतः घ्यावीत आणि पीळ दुसऱ्याला भरू द्यावा.

मापे स्वतः घेण्याला मात्र फार महत्त्व आहे, कारण चुकीची स्प्रिंग बसवली जाण्याचे प्रमाण कमी नाही. तुटलेली स्प्रिंग सैल झालेली असल्याने तिचे माप बिनधोक घेता येते. फक्त दरवाजा बंद ठेवा, मोटरचा प्लग काढा आणि धड स्प्रिंगला व तिच्या टोकाच्या स्क्रूंना हात लावू नका. एकमेकांना चिकटलेले २० वेढे निवडून त्यांची एकूण लांबी मोजा आणि २० ने भागा. तारेची जाडी मिळते. एकाच वेढ्याची जाडी पट्टीने मोजण्यात हमखास घोटाळा होतो आणि इथे तो महागात पडतो, कारण स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. साडेपाच मिलिमीटरऐवजी ५.७ मिलिमीटरची तार आली तर डोळ्याला फरक दिसणार नाही, पण स्प्रिंग सुमारे १५ टक्के अधिक ताठ होईल आणि दरवाजा आपसूक वर उडू लागेल. तारेच्या जाडीबरोबर आतला व्यास आणि फट वगळून दोन्ही तुकड्यांची मिळून लांबी लिहून ठेवा. डावी आणि उजवी स्प्रिंग उलटसुलट वळणाच्या असतात व एकीच्या जागी दुसरी चालत नाही, त्यामुळे कोणती कुठली हेही नोंदवा.

बदलताना दोन्ही एकदम बदला. दुसरीनेही तेवढ्याच फेऱ्या काढल्या आहेत आणि तिच्यासाठी लवकरच पुन्हा शिडी लावावी लागेल.

उंबरठा

दुसऱ्या कारागिराला बोलावून दोन्ही स्प्रिंगा बदलून घेतल्या. मी घेतलेली मापे त्यांनी स्वतः पुन्हा मोजून पाहिली, तेव्हाच मला भरवसा वाटला. पीळ भरण्याआधी त्यांनी रोलरच्या वर ट्रॅकला दोन्ही बाजूंनी चिमटे आवळले. पीळ थोडा जास्त झाला तर दरवाजा अचानक वर उसळू नये म्हणून ते असतात, असे त्यांनी सांगितले. आता मोटरपासून सोडवलेला दरवाजा कमरेशी सोडला तरी तिथेच राहतो आणि मोटर पूर्वीसारखी शांतपणे चालते. सेन्सरची अदलाबदल केल्यापासून संध्याकाळची तक्रारही उरलेली नाही.

शेवटचे दोन प्रश्न. जोराचा स्क्रू आता काही बदलावा का, आणि तेल-ग्रीस कुठे द्यावे?

जुना फिटर

स्क्रू मुळात हललाच नव्हता, तेव्हा तो आहे तिथेच असू द्या, पण चाचणी जरूर घ्या. सुमारे चार सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी दरवाजाच्या मधोमध जमिनीवर आडवी ठेवा आणि दरवाजा बंद करा. फळीला टेकल्यावर दोन सेकंदांच्या आत तो उलटा फिरला पाहिजे. नुसता थांबला किंवा फळी दाबत राहिला, तर खाली येण्याची मर्यादा आणि जोर पुस्तिकेप्रमाणे नव्याने जुळवावे लागतील. तरीही दरवाजा फिरला नाही तर मोटर वापरू नका. ही चाचणी महिन्यातून एकदा घ्यावी. सेन्सरचीही त्याच वेळी घ्या: दरवाजा खाली येत असताना किरणाच्या वाटेत झाडूचा दांडा धरला की तो परत फिरायला हवा.

तेल-ग्रीसच्या बाबतीत, स्प्रिंगांच्या वेढ्यांवर, बिजागऱ्यांच्या सांध्यांवर आणि रोलरच्या बेअरिंगवर लिथियम किंवा सिलिकॉनचा फवारा थोडासा मारून जादाचे पुसून घ्या. नायलॉन रोलरच्या चाकावर तो नको. गंज सोडवणारी पातळ फवारणी वंगण म्हणून वापरू नये, ती असलेले ग्रीससुद्धा धुऊन नेते. ट्रॅकच्या आत काहीही लावू नका; रोलर तिथे फिरायला हवेत, घसरायला नकोत, आणि ग्रीसला धूळ चिकटून त्याचा चिकट थर होतो. ट्रॅक कोरड्या फडक्याने पुसला की पुरे.